मागच्या रांगेतला ट्रंपेटवाला

ट्रंपेटवाल्याबद्दल आपल्याकडे जेवढे गैरसमज आहेत तेवढे तबलजीबद्दल नाहीत. कारण उघड आहे. तबलजी समोर मांडी घालून बसतो, गायक त्याच्याकडे बघून मान हलवतो, निवेदक त्याच्या घराण्याचा उल्लेख करतो. ट्रंपेटवाला मात्र आपल्याला दोनच ठिकाणी भेटतो. एक वरातीत, घामाने भिजलेल्या लाल कोटात. दुसरा चिंचवडच्या रामकृष्ण मोरे प्रेक्षागृहात नाहीतर पिंपरीच्या अत्रे रंगमंदिरात, जुन्या हिंदी गाण्यांच्या कार्यक्रमात, तोही मागच्या रांगेत. दोन कडव्यांमधला पीस आला की उभा राहतो, वाजवतो, पुन्हा दिसेनासा होतो. मध्यंतरात चहाच्या रांगेत त्याच्याविषयी जे बोललं जातं ते ऐकून ऐकून माझ्याकडे एक साठाच झाला आहे. त्यातले ठळक गैरसमज इथे घेतो. बोलायला सोबत एक माणूस हवा म्हणून गोव्याच्या हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ घेऊ. मुंबई त्याला चिक चॉकलेट म्हणून ओळखत होती.

गैरसमज: गालात हवा भरली आणि फुंकली की झालं.

हा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात जुना. त्यातूनच ‘पिपाणीवाला’ हे हिणवणं आलं.

ट्रंपेटमध्ये आवाज करणारी वस्तूच नसते. बासरीत हवा कापणारी कड असते, सनईत पाती असते, पेटीत सूर असतात. ट्रंपेट म्हणजे सरळ केली तर साधारण दीड मीटर भरेल अशी पितळी नळी, एका टोकाला माऊथपीस, दुसऱ्या टोकाला घंटा. आवाज करायचा तो वादकाच्या ओठांनी. ओठ मिटून, ताणून, त्यांच्या फटीतून हवा सोडायची. ओठ थरथरतात आणि नळी त्या थरथरीला सूर देते. लहानपणी आपण गवताचं पातं दोन अंगठ्यांत धरून वाजवायचो, तसं काहीसं, फक्त इथे पातं म्हणजे स्वतःची कातडी.

पिस्टन तीनच. मधला दाबला की सूर अर्ध्या स्वराने उतरतो, पहिला दाबला की एका स्वराने, तिसरा दाबला की दीड स्वराने. दाबायचे प्रकार आठ, त्यांतून नळीच्या लांब्या मिळतात सात. बाकी सगळे स्वर ओठांच्या ताणावर. म्हणजे एकच बोट, एकच पिस्टन, आणि त्यावर पाच-सहा वेगवेगळे सूर. कुठला निघणार ते फुंकण्याआधी ओठांनी ठरवायचं. पेटीवाल्याला चुकीची पट्टी लागली तर शेजारचा सूर निघतो. ट्रंपेटवाल्याचा ओठ चुकला तर सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल अशी किंकाळी निघते. आणि वाद्य असं की हळू चुकायची सोय नाही.

गाल फुगवणं हे तर चुकीच्या सवयीचं लक्षण मानतात. अमेरिकन जॅझ ट्रंपेटवादक डिझी गिलेस्पीचे बेडकासारखे फुगलेले गाल जगप्रसिद्ध आहेत, पण तो अपवाद. शिकवणारे मास्तर त्याचा फोटो दाखवून ‘असं करायचं नाही’ म्हणतात. वरचे सूर छातीच्या जोरावर निघत नाहीत, ओठांच्या कोपऱ्यांतले बारीक स्नायू आणि हवेचा वेग यांवर निघतात. हे स्नायू रोज कामाला लावावे लागतात. आठ दिवस वाद्य पेटीत राहिलं की वादकाला कळतं, पंधरा दिवस राहिलं की ऐकणाऱ्यालाही.

आळंदीच्या एका लग्नात मी अशा एका वादकाशेजारी बराच वेळ उभा होतो. आळंदीला लग्नाचे मुहूर्त एकावर एक. एक वरात कार्यालयात शिरली की बँड पुढच्या गल्लीत. मधल्या दहा मिनिटांत या भाऊंनी खालची पाण्याची कळ दाबून नळीतलं पाणी झटकलं, मधला पिस्टन फिरवून बाहेर काढला, कोटाच्या अस्तराला पुसला, खिशातून शिलाई मशीनच्या तेलाची बाटली काढून दोन थेंब सोडले आणि पिस्टन पुन्हा बसवला. चाकणच्या एखाद्या मशीन शॉपमधल्या माणसाने तो पिस्टन हातात घेतला तर त्याला लगेच कळेल: वर-खाली सरकायला मोकळा, पण हवा सुटू नये इतका घट्ट. रस्त्याची धूळ त्यात गेली की तो अडकतो, तोही नेमका मुखडा संपताना. ‘उन्हाळ्यात पितळ तापतं, ओठ भाजतात, पण नवरदेवाच्या मामाला नागीणच पाहिजे असती,’ भाऊ म्हणाले.

वाद्य मेरठचं होतं. आपल्याकडच्या लग्नांच्या बँडची बहुतेक पितळी वाद्यं तिथल्या जळी कोठी भागातून येतात; नादिर अली कंपनी तिथे १८८५ पासून आहे.

गैरसमज: सॅक्सोफोन आणि ट्रंपेट एकच, किंवा भाऊभाऊ.

दोन्ही चकाकतात, एवढंच. सॅक्सोफोन पितळेचा असला तरी त्याच्या तोंडाशी वेताची पाती असते, म्हणून तो क्लॅरिनेटच्या कुटुंबातला. राहुलदेव बर्मन यांच्या गाण्यांतल्या ज्या मऊ, मादक सुरांना आपण ‘काय ट्रंपेट आहे!’ म्हणतो, त्यांतले कितीतरी मनोहारी सिंग यांच्या सॅक्सोफोनचे आहेत. त्यांच्याकडे पुन्हा यायचं आहे, वेगळ्या कारणासाठी.

गैरसमज: गोव्याच्या माणसाच्या रक्तातच संगीत, त्याला शिकावं लागत नाही. दोन पेग झाले की वाजतंय.

ही स्तुतीच्या वेषातली निंदा आहे. हिंदी सिनेमाने तिला वर्षानुवर्षं खतपाणी घातलं. पडद्यावरचा ‘अँथनी’ कायम झिंगलेला, आणि त्या झिंगलेल्या अँथनीच्या पाठीमागे वाजणारे सूर लिहिणारा, वाचणारा आणि बसवणारा खरा माणूस मात्र स्टुडिओत पेन्सिल घेऊन बसलेला.

गोव्यात चर्चच्या शाळा पोर्तुगीज अमलाच्या पहिल्या शतकातच सुरू झाल्या. तिथला मेस्त्री पोरांना अक्षरांबरोबर सॉल्फेज शिकवायचा, म्हणजे स्वरलिपी पाहून ती तोंडाने गायची. आधी गळा, मग व्हायोलिन नाहीतर क्लॅरिनेट नाहीतर कॉर्नेट. चूक झाली की छडी. घराघरांतून अशी नोटेशन वाचणारी मुलं तयार झाली, पण गोव्यात त्यांना पोटाला काम नव्हतं. म्हणून ती बाहेर पडली: संस्थानांचे बँड, सर्कशी, मूकपटांच्या थिएटरातले वाद्यवृंद, गोऱ्यांचे क्लब, थंड हवेच्या ठिकाणची हॉटेलं. मुंबईत धोबीतलावच्या गावोगावच्या कुडांमध्ये, म्हणजे एकेका गावच्या लोकांच्या सामायिक बिऱ्हाडांत, ट्रंका ठेवायच्या आणि काम शोधायचं. १९१६ साली हळदोण्यात जन्मलेला वाझ याच रांगेतला. कुडचड्याचा फ्रँक फर्नांड याच रांगेतला. मडगावचा ख्रिस पेरी त्यांच्यानंतरचा, पण शाळा तीच.

आणि फक्त गोवेकरच वाजवायचे असंही नाही. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतल्या प्यारेलाल यांचे वडील रामप्रसाद शर्मा हे ट्रंपेटवादक, मूळचे गोरखपूरचे. त्यांच्या हाताखाली नोटेशन शिकून कितीतरी वादक स्टुडिओत उभे राहिले. त्यांनी मुलाला व्हायोलिन शिकायला पाठवलं ते माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे. पुढे १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’त त्या गुरूचं नाव सगळ्या देशाच्या तोंडी बसलं. तोंडी बसलं ते बरं झालं, पण गंमत बघा: ज्या माणसाने १९५८ साली मुंबईत भारतीय रागांवर आधारलेल्या रचना मोठ्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतल्या, त्याचं नाव आपण अंड्यातून बाहेर येणाऱ्या अमिताभला चिकटवून मोकळे झालो.

गैरसमज: चिक चॉकलेट म्हणजे लुई आर्मस्ट्राँगची नक्कल.

यात थोडं खरं आहे, म्हणून हा टिकला.

१९३५ साली मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबीचा कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांचा बँड आला. पाठोपाठ क्रिकेट स्मिथ या ट्रंपेटवादकाने तिथे बँड चालवला, मग पियानोवादक टेडी वेदरफर्डने. गोव्याच्या पोरांनी तोपर्यंत नोटेशनमध्ये होतं तेवढं वाजवलं होतं. कागदावर नसलेलं, त्या क्षणी सुचलेलं वाजवणारी माणसं त्यांनी आता समोर पाहिली. वाझने अमेरिकन ट्रंपेटवादक आर्मस्ट्राँगच्या तबकड्या घोटल्या, तसा घोगरा आवाज लावला, रुमाल हातात घेतला. ‘भारताचा लुई आर्मस्ट्राँग’ अशी जाहिरातच होत असे. हॉटेलवाल्याला तेच विकायचं होतं.

पण नक्कल करणाऱ्याची कारकीर्द एका नकलेवर संपते. याची तशी संपली नाही. चाळिशीच्या दशकात त्याने ‘म्युझिक मेकर्स’ हा स्वतःचा बँड बांधला, तो मोठ्या हॉटेलांत उभा केला, स्वतःच्या तबकड्या काढल्या. मग दिवसा स्टुडिओ सुरू झाला. संगीतकार सी. रामचंद्र यांचा तो सहायक झाला. नुसता वाजवणारा नव्हे, ऱ्हिदम आणि ब्रास कसे बसवायचे हे ठरवणारा. १९५१ च्या ‘नादान’ला त्याने स्वतः संगीत दिलं, नंतर आणखी एकदोन चित्रपटांना. १९६७ साली तो गेला तेव्हा पन्नाशी नुकतीच ओलांडली होती.

शिवाय आर्मस्ट्राँगची छाप पडली नाही असा त्या पिढीचा ट्रंपेटवाला जगात कुठे होता? इंग्लंडमध्ये नॅट गोनेला होता. १९०८ चा जन्म, लंडनचा, अनाथ मुलांच्या शाळेच्या बँडमध्ये वाद्य हाती आलं. आर्मस्ट्राँग १९३२ साली लंडनला आला तेव्हा हा त्याच्या मागे-मागे. तसंच गाणं, तसंच वाजवणं. त्यालाही लोक ‘ब्रिटनचा आर्मस्ट्राँग’च म्हणाले. गोनेलाला ब्रिटिश जॅझचा आद्यपुरुष म्हणून मान मिळाला. आपण वाझला नकलाकार म्हणून सोडून दिलं. माप एकच लावायला हवं.

गैरसमज: जॅझ परका. मराठी माणसाचा त्याच्याशी काय संबंध?

पिंपरीच्या विसर्जन मिरवणुकीत एखादे काका दोन्ही हात पोटाजवळ घेऊन, खांदे हलवत, जागच्या जागी डुलतात. ती भगवानदादांची चाल. भगवान आबाजी पालव, गिरणी कामगाराचा मुलगा. १९५१ चा ‘अलबेला’ त्यांचाच. त्याचे संगीतकार सी. रामचंद्र म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर, जन्म १९१८, नगर जिल्ह्यातलं पुणतांबे, शिक्षण विनायकबुवा पटवर्धनांच्या हाताखाली गांधर्व महाविद्यालयात. आणि त्या चित्रपटात झालरीच्या बाह्या घालून पडद्यावर वाजवताना दिसतो तो चिक चॉकलेट आणि त्याचा बँड. म्हणजे गणपतीपुढे आपण ज्या तालावर नाचतो त्यात पुणतांब्याची चाल आहे, गिरणगावची कंबर आहे आणि हळदोण्याचा ट्रंपेट आहे. यातला परका नेमका कोण, ते ज्याचं त्याने ठरवावं.

अण्णा चितळकरांना हे कसं जमलं याची गोष्ट तांत्रिक आहे आणि म्हणूनच मला आवडते. चाल त्यांच्या डोक्यात सरगमच्या रूपात असे. समोर बसलेले निम्मे वादक सरगम लिहून घेत, बाकीचे निम्मे स्टाफ नोटेशनखेरीज काही वाचत नसत. मधे एक माणूस लागे, ज्याला दोन्ही कळतं. तो चाल ऐकायचा, ती पाच रेघांवर उतरवायचा, कुठे ट्रंपेट, कुठे क्लॅरिनेट, कुठे सगळे मिळून हे ठरवायचा आणि प्रत्येकाचा कागद वेगळा लिहायचा. याला अरेंजर म्हणतात. शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्यासाठी हे काम वर्षानुवर्षं सेबॅस्टियन डिसूझा यांनी केलं. सी. रामचंद्रांकडे चिकबरोबर जॉन गोम्सही होते.

त्यात एकत्र टेक. गायक, कोरस, व्हायोलिनं, ढोलक, ब्रास, सगळे एका हॉलमध्ये, मोजक्या माइकवर. मल्टिट्रॅक नंतर आला. तिसऱ्या कडव्याच्या आधी ट्रंपेटचा एक सूर फाटला की गाणं पहिल्यापासून. लताबाईंनी कितीही सुरेख गायलं असो, तो टेक गेला. अशा वेळी मागच्या रांगेतल्या त्या माणसाकडे सगळा हॉल वळून कसा बघत असेल याची कल्पना ज्याने असेंब्ली लाइन एकदा तरी थांबवली आहे त्याला करता येईल.

गैरसमज: सगळीकडे वाजवणारा तो कुठलाच नाही. हरहुन्नरी म्हणजे धड एकही हुन्नर नाही.

हा गैरसमज सुशिक्षितांचा. ‘खरा’ जॅझवाला एका क्लबात, अर्धवट अंधारात, डोळे मिटून वाजवतो. जो लग्नात, रेडिओवर, सिनेमात आणि जाहिरातीत वाजवतो तो बाजारू. चिकला हे ऐकावं लागलं, फ्रँक फर्नांडला ऐकावं लागलं.

हे मत घेऊन आपण जॅझच्या दुसऱ्या माहेरी, ब्रिटनला जाऊ. तिथली नामांकित माणसं काय करत होती?

हंफ्री लिटलटन. जन्म १९२१, ईटनसारख्या उमरावी शाळेत शिकलेला, दुसऱ्या महायुद्धात ग्रेनेडियर गार्ड्सचा अधिकारी. ८ मे १९४५ ला युद्ध संपल्याच्या जल्लोषात लंडनच्या रस्त्यावर ढकलगाडीत बसून तो ट्रंपेट वाजवत होता. बीबीसीच्या ध्वनिमुद्रणात तो सापडतो. पुढे वर्तमानपत्रात व्यंगचित्रं काढली. १९५६ साली ‘बॅड पेनी ब्लूज’ ही त्याची तबकडी लोकप्रिय गाण्यांच्या यादीत गेली, तेव्हा कट्टर मंडळींनी नाकं मुरडली. १९७२ पासून तो रेडिओवरच्या एका विनोदी कार्यक्रमाचा सूत्रधार, आणि लाखो लोकांना तो तेवढाच माहीत. ऐंशीला टेकलेला असताना रेडिओहेड या रॉक बँडच्या २००१ च्या तबकडीत वाजवून आला. या माणसाचं नेमकं क्षेत्र कोणतं, हे विचारणाराच वेडा ठरेल.

केनी बेकर, तोही १९२१ चा, यॉर्कशरचा. टेड हीथच्या बिग बँडचा पहिला ट्रंपेट, पन्नाशीच्या दशकात रेडिओवर स्वतःचा बँड, आणि पुढे टीव्हीवरच्या ‘मपेट शो’च्या वाद्यवृंदात. कापडी बेडूक पडद्यावर नाचायचा आणि त्याच्या मागे ब्रिटनमधला एक उत्तम ट्रंपेटवादक वाजवत असायचा.

इयन कार स्कॉटलंडचा, १९३३ चा. इंग्रजी साहित्याचा पदवीधर. जॅझ-रॉकचा ‘न्यूक्लिअस’ हा त्याचा बँड १९७० साली माँत्रोच्या महोत्सवात पहिला आला. माइल्स डेव्हिसचं चरित्र लिहिलं, शिकवलंही. आणि १९६९ साली त्याने ज्या तबकडीवर वाजवलं तिचं नाव ‘हम दोनो’. जमैकाचा सॅक्सोफोनवाला जो हॅरियट आणि मुंबईत वाढलेला गोवेकर गिटारवाला अमान्सियो डिसिल्वा, असे ते दोघं. अमान्सियो थोडाच आधी लंडनला गेला होता. म्हणजे हळदोण्याच्या रस्त्याचं एक टोक स्कॉटिश ट्रंपेटपर्यंत पोचतं.

तर हरहुन्नरीपणा ही या धंद्यातली तडजोड नव्हे, अट आहे. सकाळी वाल्ट्झ, दुपारी रागदारीची तान, रात्री स्विंग. कागद समोर आला की पहिल्याच वाचनात वाजला पाहिजे, आणि कागद नसला तर कान चालला पाहिजे. फ्रँक फर्नांडने तर ट्रंपेट खाली ठेवून कोंकणी चित्रपट काढले. १९६३ चा ‘आमचें नशीब’, संगीत ख्रिस पेरीचं. मग १९६६ चा ‘निर्मोण’, जो पुढे हिंदीत ‘तकदीर’ म्हणून आला. आणि ख्रिस पेरीने लॉर्ना कॉर्देरो या गायिकेसाठी बांधलेल्या गाण्यांत ट्रंपेट आणि कोंकणी अशी काही मिसळली की आज ती वेगळी काढता येत नाहीत.

गैरसमज: हीच माणसं विलायतेत असती तर घरोघरी नाव झालं असतं.

डेरेक वॉटकिन्स हे नाव किती जणांनी ऐकलं आहे? ब्रिटनचाच. १९६२ च्या ‘डॉ. नो’पासून २०१२ च्या ‘स्कायफॉल’पर्यंत जेम्स बाँडच्या चित्रपटांत जो ट्रंपेट किंचाळतो त्यात हा माणूस आहे. डिझी गिलेस्पीसारखा माणूस त्याला ‘मिस्टर लीड’ म्हणायचा. पन्नास वर्षं सगळ्या जगाने त्याला ऐकलं, पण ओळखलं ते फक्त धंद्यातल्या लोकांनी.

त्यामुळे अनामिकपणा हा काही केवळ आपला दोष नाही. आपला दोष वेगळा आहे. तिथे वादकाची नोंद राहिली; कुठल्या तारखेला कुठल्या स्टुडिओत कोण होतं हे शोधता येतं. आपल्याकडे तबकडीच्या पाकिटावर संगीतकार, गीतकार, गायक, नट आणि कंपनी. ज्याने पीस वाजवला तो शिफ्टचे पैसे घेऊन, सही करून घरी. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने मुंबईतल्या हॉटेलांच्या रात्री ओसरल्या आणि जे हॉटेलात उभे राहून नावाने वाजवत होते ते स्टुडिओत बसून बिननावाने वाजवू लागले. पैसे बरे होते, काम भरपूर होतं, त्यामुळे तक्रार कुणी फारशी केली नाही. ऐंशीच्या दशकात सिंथेसायझर आला आणि चार ट्रंपेटांचं काम एक माणूस दहा बोटांनी करू लागला तेव्हा लक्षात आलं की कागदोपत्री आपण कुठेच नाही. ठेकेदारी कामगाराला हे वेगळं समजावून सांगायला नको.

गैरसमज: कारखान्यांच्या गावात कसलं आलंय संगीत?

हे मात्र मला आकुर्डी-भोसरीच्या लोकांच्याच तोंडून ऐकू येतं, याचं वाईट वाटतं.

ब्रिटनमधला ब्रास बँड हा मुळात कारखान्याच्या फाटकाआत वाढला. यॉर्कशरच्या लोकरीच्या गिरणीचा ब्लॅक डाइक मिल्स बँड १८५५ पासूनचा. ग्राइमथॉर्पच्या कोळसा खाणीचा बँड १९१७ चा. खाण १९९३ साली बंद पडली, बँड अजून वाजतो. आणि फोडेन्स बँड. फोडेन ही चेशरमधली ट्रक बनवणारी कंपनी, तिच्याशी जोडलेला बँड १९०० सालचा. ट्रकचा कारखाना बंद झाला, बँड अजूनही स्पर्धा जिंकतो. या बँडांत ट्रंपेट नसतो, त्याचा गुबगुबीत भाऊ कॉर्नेट असतो; पण ब्रिटनच्या कितीतरी जॅझ ट्रंपेटवाल्यांचे ओठ अशाच बँडांत तयार झाले.

भारतातही हे झालं आहे. मनोहारी सिंग, ज्यांच्याकडे परत येतो म्हटलं होतं, ते कोलकात्याजवळ बाटानगरला बाटा कंपनीच्या ब्रास बँडमध्ये वाजवत होते. बूट बनवणाऱ्या कंपनीच्या बँडमधून हिंदी सिनेसंगीताचा सर्वांत लाडका सॅक्सोफोन निघाला.

आपल्या पट्ट्यात हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, टेल्को आली, बजाज आली, मग चाकणला परदेशी गाड्यांच्या कंपन्या. कामगारांनी इथे कला केली नाही असं नव्हे. कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धा, भजन स्पर्धा, नंतर ढोल-ताशा पथकं, हे सगळं जोमात झालं आणि होतंय. पितळी वाद्यं मात्र कारखान्यांच्या आत रुजली नाहीत. माझ्या मते याचं एक कारण असं की आपण ब्रास बँड हा लग्नाचा ‘ठेवलेला’ माणूस मानला. स्वतः शिकायची गोष्ट मानली नाही. इंजिनिअरचा मुलगा गिटार शिकतो, तबला शिकतो. ट्रंपेट हातात घेतला तर आजी विचारते, ‘अरे, वरातीत जाणार का?’

गैरसमज: डीजे आला, ट्रंपेट संपला. आता शिकून उपयोग काय?

डीजेने बँडवाल्यांची कामं खाल्ली यात शंका नाही. पण पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीत प्रभात आणि दरबार या बँडांपुढे आजही लोक थांबून ऐकतात. आणि भिंती थरथरवणाऱ्या स्पीकरवर रात्री दहाचं बंधन आल्यापासून काही यजमानांना पुन्हा बँड आठवू लागला आहे.

शिकायचं म्हटलं तर रस्ते आहेत. लष्करातल्या प्रत्येक मोठ्या रेजिमेंटला बँड असतो. खडकीच्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपचा तर आपल्या नदीपलीकडेच. लष्करी वादकांना पचमढीच्या मिलिटरी म्युझिक विंगमध्ये रीतसर शिकवलं जातं, स्वरलिपीपासून बँडमास्टरकीपर्यंत. राज्य राखीव पोलीस दलातही बँड आहेत. नोकरी, निवृत्तिवेतन आणि रोज ओठांना काम: चिक चॉकलेटला यातलं शेवटचंच मिळालं होतं. ज्याला नोकरी नको, नाद हवा, त्याला लंडनच्या संस्थांच्या श्रेणी परीक्षा भारतात बसून देता येतात. स्टेजवर हिंदी गाण्यांचे कार्यक्रम करणारे तर चांगल्या ट्रंपेटवाल्याच्या शोधातच असतात, कारण की-बोर्डवरचा ट्रंपेट आणि किशोर सोधा यांच्यासारख्याचा खरा ट्रंपेट यांतला फरक शेवटच्या रांगेतल्यालाही कळतो.

अडचण एकच आणि ती खरी आहे: मोशी, वाकड, रावेतच्या सोसायट्यांतल्या भिंती पातळ आणि शेजारी रात्रपाळी करून झोपलेला. यावर उपाय म्हणजे म्यूट, घंटेच्या तोंडात बसवायचं बूच. सरावाचा म्यूट बसवला की आवाज एका खोलीपुरता राहतो. जॅझवाल्यांनी त्यातूनच नवे आवाज काढले: सरळ म्यूट, कपाचा म्यूट, माइल्स डेव्हिसचा तो कुजबुजणारा हार्मन म्यूट. ड्यूक एलिंग्टनच्या बँडमधले ट्रंपेटवाले माणसासारखा रडण्या-हसण्याचा आवाज काढायचे तो ज्या वस्तूने, ती अजूनही बदललेली नाही. तुंबलेलं सिंक मोकळं करायचा रबरी पंप, दांडा काढून. चिंचवडच्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. फक्त नवा घ्यावा.